विश्लेषण : ‘चर्चिल’ सिगारचे बिल कुणी भरले? हवानाच्या धुराचे महाडशी काय नाते?

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून खजूर, अत्तर, चॉकलेट निघते, तशी कधी कधी सिगारची एखादी चकचकीत नळीही निघते. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून हौसेने घेतलेली. महाड किंवा पोलादपूरच्या घरात ती सहसा ओढली जात नाही. शोकेसमध्ये राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात आतल्या सिगारवर पांढरी बुरशी धरते. अशा नळ्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध नळीवर नाव असते ‘चर्चिल’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले विन्स्टन चर्चिल.

हा माणूस क्युबात पोहोचला विशीत आणि सिगार सुटला तो थेट नव्वदीत, मृत्यूनेच. मधल्या काळात त्यांनी चव जोपासली, दुकाने बांधली, उधारी थकवली आणि श्रीमंत मित्रांकडून कर्ज फेडून घेतले. त्यांच्या देशानेही युद्धकाळात अशीच एक प्रचंड उधारी केली, ती भारताकडे. त्या उधारीच्या वसुलीसाठी बसलेला माणूस महाड तालुक्यातल्या नाते गावात जन्मला होता.

‘चर्चिल’ हे माप की माणूस?

दोन्ही. क्युबन सिगारच्या प्रत्येक आकाराला वेगळे नाव असते, त्याला विटोला म्हणतात. चर्चिल हा मोठ्या सिगारचा आकार. लांबी १७८ मिलीमीटर, म्हणजे साधारण सात इंच. जाडी ४७. हा आकडा एका इंचाच्या ६४ भागांत मोजतात, त्यामुळे ४७ म्हणजे पाऊण इंचाला थोडे कमी. ‘रोमिओ इ हुलिएता’ या हवानाच्या जुन्या कारखान्याने हे नाव आपल्या सिगारला दिले आणि पुढे जगभरातले उत्पादक त्या मापाला चर्चिलच म्हणू लागले.

असा सिगार आजही हातानेच वळला जातो. आत लांब पानांचे भरण, त्यावर बांधणीचे पान आणि सर्वात वर तलम, निवडक वेष्टनाचे पान. उत्तम पान क्युबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्टा अबाहो भागात पिकते. विक्री ‘हबानोस’ या एकाच कंपनीमार्फत होते. खोक्यावर क्युबा सरकारचे हिरवे-पांढरे हमीपत्र चिकटवलेले असते, तळाला कारखान्याचा आणि महिन्याचा शिक्का असतो. काचेचे झाकण असलेल्या खोक्यात ‘स्वस्तात क्युबन’ कुणी देत असेल, तर तो माल नकली समजावा. आणि सिगार ठेवायचा तर साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत. जुलैत सावित्रीला पूर आलेला असताना महाडच्या हवेत ही अट पाळणे अशक्यच.

क्युबाची वाट कशी सापडली?

चर्चिल यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, ब्लेनहाइम राजवाड्यातला. घराणे ड्यूकचे, पण रोकड बेताची. वडील लॉर्ड रँडॉल्फ काही काळ ब्रिटनचे भारतमंत्री होते. २४ जानेवारी १८९५ ला ते वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच विन्स्टन घोडदळाच्या चौथ्या हुसार्स पलटणीत अधिकारी झाले. शांततेचा काळ होता. लढाई पाहायची तर ती शोधत जावे लागणार होते.

लढाई क्युबात सुरू होती. स्पेनच्या सत्तेविरुद्ध क्युबन बंडखोर उभे राहिले होते. रजा काढून, सोबत एक सहकारी घेऊन, लंडनच्या ‘डेली ग्राफिक’साठी वार्तापत्रे लिहिण्याचे काम पदरात पाडून चर्चिल नोव्हेंबर १८९५ मध्ये हवानाला उतरले. एकविसावा वाढदिवस त्यांनी तिथल्या जंगलात, गोळीबाराच्या टप्प्यात साजरा केला. ते ज्या फौजेसोबत होते ती स्पेनची होती, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्यांना दडपणारी. बंडखोरांच्या चिकाटीचे त्यांना कौतुक वाटले, तरी त्यांच्या हाती राज्य द्यावे असे वाटले नाही. भारताबद्दलचे त्यांचे पुढचे सगळे राजकारण या एका सफरीत ओळखता येते.

क्युबातून त्यांच्यासोबत आलेली सवय मात्र आयुष्यभर टिकली.

मुंबईच्या धक्क्यावर काय घडले?

पुढच्या वर्षी पलटणीची रवानगी भारतात झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये जहाज मुंबईला लागले. त्याच सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले होते आणि शहर हादरायला लागले होते. चर्चिल यांना घाई झाली होती. छोट्या होडीतून ससून डॉकच्या पायऱ्यांपाशी येताना त्यांनी भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ते दुखणे जन्मभर पुरले. पोलो खेळताना हात बांधून ठेवावा लागे. दोन वर्षांनी सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत इतरांसारखी तलवार न धरता त्यांनी पिस्तूल वापरले, त्याचे कारण हाच खांदा.

मुंबईहून पुण्याला तंबूत मुक्काम, तिथून बंगळुरू. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो, मधल्या वेळेत गिबन आणि मेकॉले यांचे इतिहासाचे जाडजूड खंड. बंगळुरूच्या क्लबात त्यांच्या नावावर १३ रुपये थकले. ती नोंद असलेली खतावणी क्लबने आजही जपून ठेवली आहे.

योगायोग असा, की त्याच १८९६ च्या १४ जानेवारीला रायगड किल्ल्याच्या वाटेवरच्या नाते गावात चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला होता. चर्चिल मुंबईत खांदा धरून बसले होते तेव्हा हे मूल नऊ महिन्यांचे होते. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

खरेदी कुठून, चव कशी?

९ ऑगस्ट १९०० ला लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील रॉबर्ट लुईस या तंबाखूच्या दुकानात चर्चिल यांचे खाते उघडले. वय २५. बोअर युद्धातून कैदेतून निसटून परतलेले, वर्तमानपत्रांमुळे प्रसिद्ध झालेले आणि निवडणुकीच्या तयारीत असलेले. पहिली मागणी साधीच होती, लहान आकाराचे ५० हवाना सिगार आणि १०० सिगारेट. हे खाते ६४ वर्षे चालले.

त्यांच्या आवडीचे दोन ब्रँड सर्वांना ठाऊक होते, रोमिओ इ हुलिएता आणि ला अरोमा दे क्युबा. केंट परगण्यातील चार्टवेल या घरी अभ्यासिकेला लागून असलेल्या खोलीत तीन ते चार हजार सिगार साठवलेले असत. फळ्यांवरच्या खोक्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. मोठे, लहान, वेष्टनातले आणि विनावेष्टनाचे. दिवसाला आठ-दहा लागत.

मात्र सिगारचा जाणकार ज्याला चव घेणे म्हणतो, ते चर्चिल यांना कधी जमले नाही, किंवा त्यांनी मनावर घेतले नाही. जाणकार माणूस टोक धारदार कात्रीने कापतो, ज्वाला पानाला न टेकवता हळूहळू पेटवतो, धूर तोंडात घोळवून सोडतो, मिनिटाला एखादाच झुरका घेतो. पहिल्या तिसऱ्या भागातली सौम्य चव शेवटाकडे कशी तिखट होते याकडे त्याचे लक्ष असते. चर्चिल टोक कापत नसत, लांब काडीने त्याला भोक पाडत. तोंडातले टोक चघळून चघळून ओले होई, म्हणून त्याभोवती ते तपकिरी कागदाची डिंक लावलेली पट्टी गुंडाळत. सिगार विझायचा, पुन्हा पेटवायचा, पुन्हा विझायचा. अर्ध्यावर आला की ते टाकून देत. महागडा माल अर्धा वाया घालवणारे गिऱ्हाईक दुकानदाराला आवडणारच, फक्त बिले वेळेवर आली असती तर.

ते धूर छातीत ओढत नसत आणि ९० वर्षे जगले, हे सिगारचे शौकीन आवर्जून सांगतात. १९४९ आणि १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले हे सांगत नाहीत. धूर गिळला नाही तरी निकोटिन तोंडाच्या त्वचेतून शरीरात जाते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

देशाचा अर्थमंत्री, घरचा कर्जबाजारी?

१९२४ ते १९२९ या काळात चर्चिल ब्रिटनचे अर्थमंत्री होते. १९२५ मध्ये त्यांनी पौंड पुन्हा सोन्याशी बांधला आणि उद्योगांचे कंबरडे मोडले, अशी टीका अर्थतज्ज्ञ केन्स यांनी पुस्तिका लिहून केली. देशाला काटकसर शिकवणाऱ्या या मंत्र्यावर १९२६ मध्ये घरीही काटकसरीचा लेखी आदेश काढायची वेळ आली. शॅम्पेनची खरेदी बंद, जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसाठी सिगार ठेवणे बंद आणि स्वतःचे सिगार दिवसाला चार. हा आदेश फार काळ पाळला गेला नाही.

उत्पन्नाचा मोठा स्रोत लेखणी होती, पण खर्च कायम पुढे पळत असे. शेअर बाजारातही हात पोळले. १९३८ मध्ये चार्टवेल विकायला काढण्यापर्यंत वेळ आली, तेव्हा सर हेन्री स्ट्राकोश या धनाढ्य मित्राने सुमारे १८ हजार पौंडांचा भार उचलला. १९४३ मध्ये स्ट्राकोश वारले तेव्हा मृत्युपत्रातही त्यांनी चर्चिल यांना २० हजार पौंड ठेवले होते.

हे नाव भारतीय वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींवर मोठे झालेले स्ट्राकोश भारताच्या चलनाचा अभ्यास करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाचे सदस्य होते. याच आयोगापुढे १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली. त्यानंतर मार्च १९२७ मध्ये ते चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी महाडला आले. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. स्ट्राकोश पुढे भारतमंत्र्यांचे आर्थिक सल्लागारही होते. म्हणजे चर्चिल यांची घरची उधारी फेडणारा माणूस सरकारी कामात भारताचा जमाखर्च पाहत होता.

युद्धात हवाना सिगार कुठून आले?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. क्युबाचा माल डॉलरमध्ये घ्यावा लागे. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती. एकेक डॉलर अमेरिकन शस्त्रांसाठी हवा होता. त्यामुळे हवाना सिगारची आयात थांबवण्यात आली आणि पौंडात मिळणाऱ्या जमैकन सिगारला दिवस आले. सामान्य ब्रिटिश शौकिनाचा हवाना बंद झाला. पंतप्रधानांचा चालू राहिला, कारण त्यांना तो भेट मिळत होता.

१९४१ च्या सप्टेंबरात क्युबाकडून एक मोठे कपाट आले, आत २,४०० सिगार. गुप्तचर खात्याला धडकी भरली. एखाद्या सिगारमध्ये विष असले तर? तपासणीचे काम शास्त्रज्ञ असलेल्या लॉर्ड रॉथशिल्ड यांच्याकडे गेले. चर्चिल मात्र निकालाची वाट पाहायला तयार नव्हते. मंत्र्यांच्या बैठकीत त्यांनीच ते सिगार वाटले आणि विषाचा विनोदही करून टाकला. सहकाऱ्यांनी ओढले. कुणी मेले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डनहिल यांचे दुकान बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, तेव्हा दुकानाच्या माणसाने मध्यरात्री फोन करून तुमचे सिगार सुखरूप आहेत असे पंतप्रधानांना कळवले, ही कथा लंडनमध्ये अजून सांगतात.

१९४१ च्या ३० डिसेंबरला ओटावामध्ये छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी फोटो काढण्याआधी पुढे होऊन चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला. त्या क्षणी चेहऱ्यावर आलेली आठी म्हणजे जगाने पाहिलेला चर्चिल. ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ पासून हाच चेहरा आहे, अर्थातच सिगारविना.

इकडे भारतात काय चालले होते? ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. १० सप्टेंबर १९४२ ला चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत भारतातली स्थिती एकंदर दिलासा देणारी असल्याचे निवेदन केले. त्याच सप्टेंबरात महाडच्या कचेरीवर नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि महाडची माणसे हुतात्मा झाली. १९४३ मध्ये युद्धखर्चासाठी सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. त्यातून बिडीची तंबाखूही सुटली नाही. लंडनमध्ये भेटीचा हवाना फुकट जळत होता आणि घाटाखालचा हमाल आपल्या बिडीमागे युद्धाचा कर भरत होता.

नाते गावच्या माणसाने काय केले?

चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला शिकले, आयसीएसच्या परीक्षेतही पहिले आले. मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरी करून रिझर्व्ह बँकेत पोहोचले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पंतप्रधान चर्चिल होते, बंगालमध्ये दुष्काळ शिगेला पोहोचला होता. त्या दुष्काळातील मृत्यूंचा अंदाज ३० लाखांपर्यंत जातो.

देशमुखांपुढचा हिशेब समजायला किराणा दुकानाची वही पुरते. युद्धासाठी ब्रिटनने भारताकडून कापड, धान्य, बूट, यंत्रांचे भाग, असे जे काही घेतले आणि फौजेवर जो खर्च केला, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडाच्या खात्यावर नावे पडत. प्रत्यक्षात हातात काही येत नसे. त्या नोंदींच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपये छापून पुरवठादारांचे पैसे चुकते करी. माल बाहेर गेला, नोटा आत राहिल्या. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या आणि महागाई भडकली. ज्याच्याकडे जमीन नव्हती, साठा नव्हता, तो आधी मेला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडे भारताचे येणे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले होते.

भारताने निर्यातीतून कमावलेले डॉलरही स्वतःचे नव्हते. साम्राज्यातील देशांचे डॉलर लंडनच्या सामाईक थैलीत जमा होत. त्या थैलीचे तोंड कधी, कुणासाठी उघडायचे ते लंडन ठरवी. सिगारचे पैसे भारताच्या तिजोरीतून गेले असा याचा अर्थ नाही. पण हवाना घेण्यासाठी लागणारा डॉलर कुणाला मिळेल आणि कुणाला नाही, हे ठरवणारी यंत्रणा तीच होती.

चर्चिल यांना या कर्जाचा राग होता. भारताला जपानपासून वाचवले ते आम्ही, मग आम्हीच त्यांचे देणेकरी कसे, असा त्यांचा सूर होता. संरक्षणाचा मोबदला म्हणून उलट दावा लावावा, असेही त्यांच्या मनात होते. क्लबातले बिल थकवणारा लेफ्टनंट आठवावा. फरक एवढाच, की आता खतावणी देशाची होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथलाच. क्युबाचेही प्रतिनिधी होते. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य जेरेमी रेझमन, सदस्यांत देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ. युद्धात साठलेल्या या येण्याचा काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळण्याची सोय नाणेनिधीत असावी, अशी मागणी भारताने रेटली. ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी ती फेटाळली, मात्र आमचे देणे आम्ही थेट देणेकऱ्यांशी बोलून फेडू, असे सर्वांसमोर मान्यही केले. मागणी हरली, पण कर्ज नाकबूल करण्याची वाट अरुंद झाली.

वर्षभरात चर्चिल निवडणूक हरले. ऑगस्ट १९४७ मध्ये करार झाला आणि पैसे हप्त्याहप्त्याने मोकळे होऊ लागले. भारताने ते फाळणीनंतर धान्यासाठी आणि पुढे पंचवार्षिक योजनांच्या यंत्रसामग्रीसाठी वापरले. तोटा झालाच. १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य ३० टक्क्यांनी घटवले आणि उरलेल्या येण्याची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तेवढीच घसरली. पण उलट दावा लागला नाही. देशमुख १९४९ पर्यंत गव्हर्नर होते. रुपयाच्या नोटेवर भारतीय गव्हर्नरची पहिली सही त्यांचीच. १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. यातली सुमारे साडेतीन वर्षे चर्चिलही पुन्हा पंतप्रधान होते.

शेवटचे खोके कधी आले?

पराभवानंतर, फेब्रुवारी १९४६ मध्ये चर्चिल पन्नास वर्षांनी हवानाला गेले. या वेळी स्वागत राष्ट्रपतींकडून होते आणि सिगार मोजायची गरज नव्हती. क्युबन भेटींचा ओघ पुढेही सुरू राहिला. १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये विक्री चालू राहिली, त्यामुळे चार्टवेलची फळी रिकामी पडली नाही.

रॉबर्ट लुईसच्या वहीतील चर्चिल यांची शेवटची खरेदी २३ डिसेंबर १९६४ ची आहे. महिनाभरात, २४ जानेवारी १९६५ ला, ते वारले. वडिलांच्या मृत्यूची तारीखही हीच होती.

मे १९४७ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्यांनी अर्धवट ओढून टाकलेला एक सिगार एका कर्मचाऱ्याने उचलून ठेवला होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात तो १२ हजार डॉलरहून अधिक किमतीला गेला. बंगळुरूच्या क्लबातले १३ रुपये अजून येणेच आहेत.